श्रीरामपूरच्या बागेतील डेझी

मराठी कोशवाङ्मयाचा इतिहास सांगताना 1810 या वर्षापाशी थांबावे लागते. त्या वर्षी बंगालमधील हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून विल्यम कॅरीचा मराठी-इंग्रजी कोश मोडी अक्षरांत छापून बाहेर पडला. त्याआधी, 1805 मध्ये, त्याचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले होते. कॅरीचे भारतातील सारे आयुष्य बंगालमध्ये गेले. मराठी भाषा तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने शिकला व तेथेच शिकवू लागला. हा कॅरी वाङ्मयेतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. मात्र ज्या हातांनी त्याने कोशाची मुद्रिते तपासली, त्याच हातांनी तो नित्य वाफ्यात बी पेरीत असे, याची नोंद आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

कॅरीचा जन्म 1761 मध्ये इंग्लंडमधील नॉर्थम्प्टनशर परगण्यात झाला. त्वचेच्या विकारामुळे त्याला ऊन सोसवेना, म्हणून शेतकाम सोडून त्याने चांभाराचा धंदा शिकून घेतला. झाडांची ओढ मात्र बालपणापासूनची होती. 1793 मध्ये धर्मोपदेशक म्हणून तो बंगालला आला आणि पुढे एकेचाळीस वर्षांत एकदाही मायदेशी परतला नाही. माल्दा भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहत असतानाच त्याने इंग्लंडमधील सहकाऱ्यांकडे विळे व कोयत्यांसारखी अवजारे मागितली आणि त्यांच्याबरोबर भाज्यांचे व फुलांचे बियाणे दरवर्षी पाठवावे, अशीही विनंती केली. या मागणीतील ‘दरवर्षी’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. वार्षिक फुलझाडांचा संसार एका ऋतूत आटोपतो. ती एकदा लावून निश्चिंत होता येत नाही.

1800 मध्ये कॅरी श्रीरामपूरला आला. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथे सुमारे पाच एकरांवर त्याने जी बाग उभी केली, तिची रचना लिनियसच्या वर्गीकरणानुसार केली होती. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग हा त्याचा स्नेही. रॉक्सबर्गने तयार केलेली त्या उद्यानातील झाडांची सूची 1814 मध्ये कॅरीने श्रीरामपूरला छापली. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याचा भारतीय वनस्पतींवरील मोठा ग्रंथही कॅरीच्याच देखरेखीखाली प्रकाशात आला. रॉक्सबर्गने एका वृक्षकुळाला ‘कॅरेया’ हे नाव देऊन या स्नेहाची खूण ठेवली. त्या कुळातील एक वृक्ष सह्याद्रीच्या रानात सर्वांच्या ओळखीचा आहे. आपण त्याला कुंभा म्हणतो. त्याच्या सालीच्या तंतूंपासून तोड्याच्या बंदुकीची वात वळीत असत.

विलायती फुलांचे बी बंगालमध्ये रुजविणे हे सोपे काम नव्हते. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत. महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या प्रवासात उष्णता आणि दमट हवा यांमुळे बियांची उगवणशक्ती नष्ट होई. काचबंद पेट्यांतून जिवंत रोपे समुद्रापार नेण्याची युक्ती 1830 च्या दशकात, म्हणजे कॅरीच्या अखेरच्या दिवसांत, प्रचारात आली. दुसरी अडचण ऋतुचक्राची होती. इंग्लंडमध्ये थंडी ओसरली की वसंतात बी पेरतात. बंगालमध्ये तसे केले तर कोवळे रोप वैशाखाच्या उन्हात करपते आणि त्यातून वाचले तर आषाढात कुजते. म्हणून येथे विलायती पंचांग उलटे करावे लागते. पावसाळा सरता सरता, आश्विन-कार्तिकात बी पेरावे, हिवाळ्यात फुले घ्यावीत आणि फाल्गुनापर्यंत पुढील वर्षाचे बी उतरवून ठेवावे, असा हा क्रम आहे. बारीक बी वाळूत मिसळून पसरणे, त्यावर मातीचा पातळ थर देणे, रोपांना दुपारच्या उन्हापासून आडोसा करणे आणि पाणी हलक्या हाताने शिंपडणे, या गोष्टी ज्याच्या त्याला अनुभवानेच साधतात.

कॅरीच्या बागेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग याच संदर्भात घडला. भारतात येऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर इंग्लंडमधील वेंटवर्थच्या बागेतून कूपर नावाच्या गृहस्थाने त्याला बियांची एक पिशवी पाठविली. सर्व बिया काढून घेतल्यावर तिच्या तळाशी राहिलेली माती कॅरीने बागेतील सावलीच्या एका जागी झटकली. काही दिवसांनी तो तेथे गेला, तेव्हा त्या मातीतून डेझीचे रोप उगवलेले दिसले. डेझी हे इंग्लंडच्या कुरणांत कोठेही आढळणारे, पायांखाली तुडविले जाणारे साधे फूल आहे. ते आपल्याला पुन्हा पाहावयास मिळेल, अशी आशा त्याने कधीच सोडून दिली होती. त्या दर्शनाचा आनंद त्याने कूपरला पत्रातून कळविला. पुढे जेम्स माँटगोमेरी या कवीने त्या प्रसंगावर कविता रचली आणि ही हकिगत सर्वतोमुखी झाली.

कवितेत या प्रसंगाचा मायदेशाच्या आठवणीचा भाग तेवढा आला. इतिहासाच्या दृष्टीने त्यापुढील हकिगत अधिक मोलाची आहे. डेझीचे शास्त्रीय नाव ‘बेलिस पेरेनिस’ असे आहे. पेरेनिस म्हणजे वर्षानुवर्षे टिकणारे. बंगालच्या उन्हाळ्यात मात्र हे बहुवर्षायू झाड टिकेना. तेव्हा कॅरीने ते वार्षिक झाडासारखे वाढविले. हिवाळ्यात आलेल्या फुलांचे बी तो गोळा करी, सगळा पावसाळा जपून ठेवी आणि थंडीच्या तोंडाशी पुन्हा पेरी. ज्या प्रदेशात पावसाळी हवेने कागदालाही बुरशी चढते, तेथे धुळीसारखे बारीक बी कोरडे राखणे म्हणजे केवढी दक्षता, हे बियाणे राखेत घालून मडक्यात जपणाऱ्या आपल्याकडील घरांना सांगावयास नको. आपल्या गावाकडच्या फुलाची ओळख कायम राखण्यासाठी त्याला त्याचा मूळ स्वभावच बदलून घ्यावा लागला.

कॅरीची बागकामाची दृष्टी स्वतःच्या कुंपणापुरती मर्यादित नव्हती. त्याच्या पुढाकाराने 14 सप्टेंबर 1820 रोजी कलकत्त्यात कृषी व उद्यान संस्थेची स्थापना झाली. भारतीयांनाही तिचे सभासद होता यावे, हा त्याचा आग्रह होता. अशा संस्थांचा उदय कंपनी सरकारच्या अमलात झाला आणि देशातील पिकांकडे व्यापाराच्या नजरेने पाहणारेही त्यांत होते, हे विसरता येत नाही. तरीही बियांची देवाणघेवाण आणि फुलांची प्रदर्शने यांची परंपरा त्यांतूनच रुजली. पश्चिम भारतात अशीच संस्था 1830 मध्ये स्थापन झाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन तिच्याच व्यवस्थेखाली आहे आणि तेथील हिवाळी पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या परिचयाचे आहे.

कॅरीच्या आयुष्यात संकटांची वाण नव्हती. 11 मार्च 1812 रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली आणि अनेक भाषांचे खिळे, कागद व हस्तलिखिते भस्मसात झाली. अनेक वर्षांच्या श्रमांचा बहुभाषी कोशही त्यात गेला. 1823 मध्ये पुराचे पाणी बागेत शिरले, तेव्हा पायाच्या दुखापतीने तो अंथरुणाला खिळला होता. 1831 च्या वादळाने पुन्हा बाग झोडपली. प्रत्येक वेळी खिळे नव्याने ओतले गेले आणि वाफे नव्याने बांधले गेले. जळालेली पाने पुन्हा लिहावयास बसणे आणि वाहून गेलेल्या वाफ्यात पुन्हा बी टाकणे, या दोहोंना लागणारा धीर वेगवेगळा नसतो.

अखेरच्या आजारातही कॅरी खुर्चीत बसून बागेत जात असे. आपल्या मागे मार्शमन या बागेत गायी सोडील, अशी चिंता त्याने आपल्या त्या सहकाऱ्याविषयी बोलून दाखविली होती. मार्शमनने बाग राखण्याचे आश्वासन दिले. 9 जून 1834 रोजी कॅरीचे निधन झाले आणि तीन वर्षांनी मार्शमनही गेला. पुढे त्या भूमीवर तागाची गिरणी उभी राहिली.

त्याचे व्याकरण आणि कोश आज ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. मोडी वाचणारे कमी झाले, तरी ते उघडून पाहता येतात. सह्याद्रीत कुंभ्याला दर उन्हाळ्यात फुले येतात, त्यांना कोणी पेरावे लागत नाही. श्रीरामपूरच्या डेझीचे तसे नव्हते. दर पावसाळ्यानंतर कोणीतरी पुडी उघडून बी मातीत टाकीत होते, तोवरच ती बंगालमध्ये होती.