हे मोजलं की काढलं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळण्याच्या प्रयोगाचा मास बॅलन्स सरांना दाखवला. भट्टीत गेलेला कार्बन आणि धुरातून बाहेर आलेला कार्बन, दोन्ही आकडे तंतोतंत सारखे. मी खुशीत होते. सरांनी धुराच्या प्रवाहाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा मोजलास की काढलास?" काढला होता. कशावरून? तर कार्बनच्या बॅलन्सवरूनच! म्हणजे जे दाखवायचं तेच मी आधी गृहीत धरलं होतं. मग ताळेबंद जुळणार नाही तर काय होणार?

त्यानंतर ज्वलनाच्या मास बॅलन्सचा इतिहास वाचला आणि कळलं, की ही चूक फार मोठ्या घराण्यातली आहे.

१६७३ मध्ये रॉबर्ट बॉइलने बंद काचपात्रात कथील तापवलं. कथलाचं भस्म झालं (आपल्याकडच्या वंगभस्माचा मूळ धातू हाच). पात्राचं तोंड फोडताच बाहेरची हवा फस्सकन आत शिरली, ते त्याने ऐकलंही. मग वजन केलं, ते वाढलेलं. त्याने निष्कर्ष काढला, की अग्नीचे कण काचेतून आरपार जाऊन धातूला चिकटले. प्रयोग उत्तम, काटाही बरा. फक्त वजन तोंड फोडल्यानंतर केलं.

१७७४ मध्ये लाव्हाझिएने जवळपास तोच प्रयोग केला, पण वजन तोंड फोडण्याच्या आधीही केलं. काहीही फरक नाही. म्हणजे बाहेरून काही आलं नव्हतं. तोंड फोडल्यावर हवा आत गेली तेव्हा वजन वाढलं, आणि ही वाढ कथलाच्या वाढलेल्या वजनाइतकीच भरली. धातूने पात्रातलीच हवा घेतली होती. आज आपण पहिल्याच तासाला वहीत चौकोन काढून 'सिस्टीम बाउंड्री' लिहितो ना, ती ही. बॉइल आणि लाव्हाझिए यांच्यात शंभर वर्षं आहेत आणि एक जादा वजन आहे. (लाव्हाझिएचे काटे त्या काळातले अत्यंत महागडे होते. पैसा करवसुलीच्या ठेक्यातून यायचा, आणि त्या ठेक्यापायीच १७९४ मध्ये त्याला गिलोटिनवर जावं लागलं.)

पुढचा टप्पा लीबिगचा. १८३१ मध्ये त्याने पाच फुगे असलेली एक काचेची नळी बनवली. तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. सेंद्रिय पदार्थ जाळायचा, पाणी कॅल्शियम क्लोराइडमध्ये अडकवायचं, कार्बन डायऑक्साइड या नळीत, आणि दोन्हींची वजनं वाढली किती ते बघायचं. कार्बन मिळाला, हायड्रोजन मिळाला. ऑक्सिजन? उरलेला तो ऑक्सिजन. इथे नीट थांबा, कारण कोळशाच्या आणि बायोमासच्या विश्लेषणाच्या तक्त्यात ऑक्सिजन आजही बहुतेक वेळा असाच 'फरकाने' येतो. बेरीज नेहमी १०० भरते. बाकी सगळ्या मापनांच्या चुका मात्र गुपचूप त्या एका ओळीत जाऊन बसतात.

१८७० च्या दशकात ऑर्साचं उपकरण आलं आणि हीच युक्ती बॉयलरच्या चिमणीपाशी पोचली. धुराचा नमुना घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने कार्बन डायऑक्साइड काढायचा, पायरोगॅलॉलने ऑक्सिजन, क्युप्रस क्लोराइडने कार्बन मोनॉक्साइड. उरलं ते नायट्रोजन. पुन्हा उरलेलंच! आणि हा उरलेला भाग लहान नाही. १२ किलो कार्बनला ३२ किलो ऑक्सिजन लागतो, तो हवेतून घेतला तर त्याच्याबरोबर सुमारे १०६ किलो नायट्रोजन न जळता भट्टीतून फिरून येतो. तो जवळपास बदलत नाही, म्हणून आत आलेली हवा आणि बाहेर गेलेला धूर यांना जोडणारा धागा म्हणून आपण त्याला धरतो.

पण हवेतून ऑक्सिजन काढल्यावर उरतं ते सगळं नायट्रोजनच असतं का? १७८५ मध्ये कॅव्हेंडिशने हवेतला नायट्रोजन ठिणग्यांनी संपवत नेला, तेव्हा शेवटी एक बुडबुडा उरला, एकूण नायट्रोजनच्या १/१२० पेक्षा जास्त नाही इतका. त्याने तो प्रामाणिकपणे नोंदवला. शंभर वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग लॉर्ड रॅलेला दिसलं, की हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा साधारण अर्धा टक्का जड भरतो. हा माणूस चूक झाकायला गेला नाही. १८९२ मध्ये त्याने 'नेचर'ला पत्र लिहून वाचकांनाच कारण विचारलं. १८९४ मध्ये त्याने आणि रॅमझेने जाहीर केलं: हवेत आणखी एक वायू आहे. तो आरगॉन. आपण गणितात २१ आणि ७९ लिहितो, त्या ७९ मध्ये हा आजही बसलेला आहे. ज्वलनात तो भागच घेत नाही, म्हणून चालून जातं.

माझ्या भट्टीचं सांगायचं तर हवेचा प्रवाह मोजलेला होताच. त्यावरून नायट्रोजन, नायट्रोजनवरून धुराचा प्रवाह, आणि मग कार्बन स्वतंत्रपणे तपासला. ९३ टक्के आला. राखेतला न जळलेला कार्बन आणि नळीच्या आतून खरवडलेलं डांबर धरल्यावर ९७. उरलेले ३ टक्के प्रबंधाच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत 'हिशोब लागला नाही' म्हणून लिहिलेत. सरांनी ती ओळ खोडली नाही, फक्त शेजारी पेन्सिलने लिहिलं: धुरातला मिथेन मोजलास का?