वऱ्हाडातील संगणक-मार्गदर्शिका : नवशिक्यांच्या पुस्तकांचा इतिहास आणि त्यांची कसोटी

संगणकाचे यंत्र आणि ते वापरणारा माणूस यांच्यामध्ये जी मूलभूत आज्ञावली उभी असते, जी कळफलकावरून आलेली आज्ञा यंत्रापर्यंत पोहोचवते, फाइली सांभाळते, स्मृतीची वाटणी करते आणि एका वेळी चालणाऱ्या अनेक कामांना वेळ वाटून देते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा संचालन प्रणाली म्हणतात. या प्रणालीची ओळख नवख्या वाचकाला करून देणारे पुस्तक म्हणजे मार्गदर्शिका. गेल्या चार दशकांत अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरांत, तसेच त्यांच्या भोवतीच्या तालुक्याच्या गावांत, संगणकाचे शिक्षण ज्या पुस्तकांच्या आधाराने पसरले, त्यांत या मार्गदर्शिकांचा वाटा मोठा आहे. तरीही त्यांचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही, कारण अशी पुस्तके परीक्षा झाली की रद्दीत जातात आणि ग्रंथालये जुन्या आवृत्त्या सहसा जपून ठेवत नाहीत. हा इतिहास पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की नवशिक्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाची उपयुक्तता त्यात किती आज्ञा सांगितल्या आहेत यावर ठरत नाही. पुस्तक मिटल्यानंतर, समोरचे यंत्र बदलले तरी, वाचक स्वतःच्या समजुतीने पुढे जाऊ शकतो की नाही, यावर ती ठरते.

वऱ्हाडातील तंत्रशिक्षणाचा पाया संगणकाच्या आधीचा आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 मध्ये, अकोल्याचे कृषी विद्यापीठ 1969 मध्ये आणि नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये स्थापन झाले. परंतु सामान्य नोकरदार आणि नोकरीच्या शोधातील तरुण यांना यंत्राशी जोडणारी संस्था होती ती टंकलेखनाची. मराठी टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेसाठी मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांचा वेग साधावा लागे, आणि त्यासाठीचे पुस्तक बोटांना वळण लावणारे, म्हणजे ठरावीक अक्षरगटांचा पुनःपुन्हा सराव करून घेणारे असे. त्या कामासाठी हे पुस्तक अगदी योग्य होते, कारण टंकयंत्राची कळ दर वर्षी जागा बदलत नाही आणि बोटांनी एकदा शिकलेले आयुष्यभर टिकते. पुढे टंकलेखनाचेच वर्ग चालवणाऱ्या अनेकांनी संगणकाचे वर्ग सुरू केले, तेव्हा पाठांतराची ही रीत त्यांच्याबरोबर नव्या विषयात आली. जे ज्ञान समजुतीने घ्यायचे, ते सरावाने घटवण्याचा प्रयत्न त्यातून झाला, आणि संगणक-मार्गदर्शिकांच्या पुढील अनेक उणिवांचे मूळ येथे आहे.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक 1981 मध्ये बाजारात आला आणि त्याच्यासोबत डॉस ही संचालन प्रणाली आली. डॉसमध्ये पडद्यावर चित्र नसे. काळ्या पार्श्वभूमीवर ‘सी’ हे अक्षर आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी खूण एवढेच दिसे, आणि काय लिहावे याचा कोणताही संकेत यंत्र देत नसे. फाइलीचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे आणि त्यापुढे बिंदू देऊन तीन अक्षरांचे असा नियम होता. ‘डीआयआर’ म्हटले की यादी दिसे, ‘कॉपी’ म्हटले की प्रत होई, आणि ‘फॉरमॅट’ ही आज्ञा चुकीच्या डिस्कवर चालवली की तिच्यावरील सारा मजकूर हातचा जाई. अशा प्रणालीत पुस्तकावाचून पाऊल टाकणे कठीण होते. त्यातच स्थानिक पातळीवर जुळवून विकलेल्या संगणकांसोबत उत्पादकाची अधिकृत पुस्तिका बहुधा येत नसे, आणि आली तरी ती इंग्रजीत असे; त्यामुळे मराठीतून आज्ञा समजावून सांगणाऱ्या पुस्तकाची गरज खरी आणि तातडीची होती. या काळातील मार्गदर्शिकांचे मूल्यमापन करताना एक साधा फरक उपयोगी पडतो. काही आज्ञा प्रणालीबरोबरच स्मृतीत येतात, त्यांना अंतर्गत आज्ञा म्हणतात. काही डिस्कवर स्वतंत्र फाइलीच्या रूपाने असतात, त्यांना बाह्य आज्ञा म्हणतात. ही दोन नावे पाठ करायला लावणारे पुस्तक वाचकाला परीक्षेत गुण मिळवून देई. परंतु फ्लॉपी बदलल्यावर ‘फॉरमॅट’ किंवा ‘चेकडिस्क’ ही आज्ञा का चालत नाही आणि ‘डीआयआर’ मात्र का चालते, हे याच फरकातून उलगडून दाखवणारे पुस्तक त्याला अडचणीतून बाहेर काढी.

ऑगस्ट 1995 मध्ये विंडोज 95 आले आणि मार्गदर्शिकेचे रूप पालटले. आज्ञा लिहिण्याऐवजी चित्रावर टिचकी मारायची असल्याने पुस्तकांची पाने पडद्याच्या छायाचित्रांनी भरू लागली, आणि त्याबरोबर पुस्तकाचे आयुष्यही आखूड झाले. एक्सपी 2001 मध्ये, व्हिस्टा 2007 मध्ये, विंडोज 7 हे 2009 मध्ये आणि विंडोज 8 हे 2012 मध्ये आले. एक्सपीत जे ‘माय कॉम्प्युटर’ होते ते पुढे केवळ ‘कॉम्प्युटर’ आणि त्यानंतर ‘धिस पीसी’ झाले; विंडोज 8 मध्ये तर स्टार्टचे बटणच पडद्यावरून काढले गेले आणि वापरकर्त्यांच्या नाराजीनंतर पुढच्या वर्षी ते परत आणावे लागले. ज्या पुस्तकाने केवळ ‘डाव्या कोपऱ्यातील बटण दाबा’ असे सांगितले होते, ते अशा वेळी एका दिवसात निरुपयोगी ठरले. ज्याने फाइल, फोल्डर, ड्राइव्ह आणि प्रोग्रॅम यांचा परस्परसंबंध सांगितला होता, त्याचा वाचक बटण शोधत का होईना, पण काम पूर्ण करू शकला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक कसोटी होती, ती देवनागरीची. पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्रज्ञान विकसित केले, आणि 1991 मध्ये भारतीय लिप्यांची संगणकीय मानक संकेतप्रणाली, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था, अधिकृत झाली. व्यवहारात मात्र अनेक वर्षे प्रत्येक कंपनीच्या फाँटचे संकेत वेगळे राहिले, त्यामुळे अकोल्यात टंकित केलेले पत्र अमरावतीच्या संगणकावर तोच फाँट नसल्यास निरर्थक चिन्हांचा पुंजका होऊन उघडे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने हा प्रश्न सोडवला, आणि विंडोज 2000 मध्ये मंगल या फाँटसह देवनागरी मूळ प्रणालीतच समाविष्ट झाली. तथापि एक्सपीमध्ये ही सोय वापरण्यापूर्वी कंट्रोल पॅनेलमधील भाषाविषयक विभागात जाऊन ती मुद्दाम सुरू करावी लागे. शिवाय टंकलेखन शिकलेल्याच्या बोटांना रेमिंग्टनची मांडणी सवयीची होती, तर शासनमान्य इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या आणि व्यंजने उजव्या हाताकडे असल्याने ती नव्याने शिकावी लागे. ज्या मार्गदर्शिकेने मराठीतून सारे सांगितले, परंतु संगणकावर मराठी कशी लिहावी हेच सांगितले नाही, ती ज्यांच्यासाठी लिहिली त्यांच्या मुख्य गरजेलाच चुकली, असे म्हणणे भाग आहे.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना 2001 मध्ये झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरता तालुक्याच्या गावांपर्यंत नेली. अनेक शासकीय पदांसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने शिक्षक, तलाठी, लिपिक आणि नोकरीच्छू तरुण यांची मोठी संख्या अचलपूर, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर यांसारख्या गावांतून संगणकासमोर पहिल्यांदाच बसली. या प्रसाराचे महत्त्व कमी लेखता येणार नाही, कारण ज्या घरात आधीच्या पिढीने टंकयंत्रालाही हात लावला नव्हता, तेथील मुलींनी या केंद्रांत माउस हाती धरला. परंतु परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असल्याने तिच्याभोवती प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकांचा बाजार उभा राहिला, आणि त्या पुस्तिका मार्गदर्शिकेचे नाव धारण करूनही वाचकाला मार्ग दाखवत नव्हत्या, केवळ उत्तर दाखवत होत्या. दुसऱ्या टोकाला अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके होती. अच्युत गोडबोले यांचे ऑपरेटिंग सिस्टीमवरील इंग्रजी पाठ्यपुस्तक किंवा टॅननबॉम यांचा 1987 चा ग्रंथ यांचा विषय प्रणाली आतून कशी घडते हा आहे. तो नवशिक्याचा प्रश्न नव्हे, आणि म्हणून अशा ग्रंथांना मार्गदर्शिकेच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

मग नवशिक्याच्या पुस्तकाला कोणते माप लावावे? त्याचे उत्तर वऱ्हाडच्याच भूमीत सातशे वर्षांपूर्वी घडलेल्या एका लेखनपरंपरेत सापडते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र. म्हाइंभटांचे लीळाचरित्र याच परिसरात आकाराला आले. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या निरूपणातील दृष्टांत पंथातील केसोबासांनी दृष्टांतपाठात एकत्र केले. त्यात 114 दृष्टांत असून मांडणी तीन अंगांची आहे. आधी सूत्र, म्हणजे सिद्धांताचे थोडक्यात विधान; मग दृष्टांत, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या जगातील उदाहरण; आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ते उदाहरण सिद्धांताला कसे लागू पडते याचा उलगडा. पंथाच्या परंपरेत असेही नोंदले गेले आहे की केसोबास संस्कृतात लिहू पाहत असता पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवले, कारण त्यामुळे पंथातील वृद्ध, अशिक्षित स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. ज्याच्याकडे पूर्वज्ञानाचे भांडवल सर्वांत कमी, तो वाचक आधी डोळ्यांसमोर ठेवावा, हा त्या निर्णयाचा अर्थ आहे.

हे तीन अंगांचे माप संगणकाच्या पुस्तकाला लावून पाहता येते. चालू कामाचा मजकूर तात्पुरत्या स्मृतीत राहतो आणि वीज जाताच नाहीसा होतो, जतन केलेला मजकूर मात्र डिस्कवर टिकतो, हे सूत्र. अकोल्याच्या कापूस बाजारातील अडत दुकानात दिवसभराचे भाव फळ्यावर लिहिले जातात आणि पुसले जातात, पण जे रोजकीर्दीत चढले तेच हिशेबाला धरले जाते, हा दृष्टांत. मजकूर लिहिणे म्हणजे फळ्यावर लिहिणे आणि ‘सेव्ह’ करणे म्हणजे रोजकीर्दीत चढवणे, हे दार्ष्टांतिक. 2000 नंतरच्या दशकात विदर्भाने तासन्‌तास भारनियमन सोसले, त्या काळात हा एक परिच्छेद नीट लिहिलेले पुस्तक दहा छायाचित्रे देणाऱ्या पुस्तकापेक्षा वाचकाच्या अधिक कामी येणारे होते. बहुतेक मार्गदर्शिकांत सूत्र असते, तेही व्याख्येच्या रूपात. दृष्टांत क्वचित असतो, आणि दार्ष्टांतिक जवळजवळ नसतेच. त्यामुळे वाचकाला व्याख्या येते आणि कृतीही येते, परंतु त्या दोहोंना जोडणारा धागा त्याच्या हाती लागत नाही.

मुक्त संचालन प्रणालींनी या विचारात आणखी एका निकषाची भर घातली. लिनक्सचा आरंभ 1991 मध्ये झाला, सी-डॅकने त्यावर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली 2007 मध्ये आणली, आणि स्वयंसेवकांनी अशा प्रणालींच्या पडद्यावरील शब्द मराठीत आणले. या प्रणालींची पुस्तिका अनेकदा मुक्त परवान्याखाली असते, म्हणजे ती प्रत करून वाटता येते आणि बदललेल्या आवृत्तीनुसार दुरुस्तही करता येते. जे पुस्तक शिक्षकाला आपल्या गावाच्या गरजेप्रमाणे सुधारता येते, ते त्याच दर्जाच्या बंदिस्त पुस्तकापेक्षा दीर्घकाळ उपयोगी पडते.

आज मेळघाटातील हरिसालसारख्या गावात, जेथे 2016 मध्ये डिजिटल गावाचा प्रकल्प सुरू झाला, नवा वापरकर्ता संगणकाआधी मोबाइल हाताळतो आणि पुस्तकाआधी चित्रफीत पाहतो. कृती दाखवण्याचे काम चित्रफीत पुस्तकापेक्षा चांगले करते, हे मान्य केले पाहिजे. परंतु फाइल कोठे जाते, परवानगी मागणाऱ्या ॲपला काय मिळते, परवलीचा शब्द दुसऱ्याला का सांगू नये, या प्रश्नांची उत्तरे कृतीत नसून समजुतीत आहेत, आणि समजूत क्रमाने रचून देण्याचे सामर्थ्य अजूनही लिखित पुस्तकात अधिक आहे. म्हणून मार्गदर्शिका निवडणाऱ्या शाळेने, ग्रंथालयाने किंवा शिकवणी वर्गाने तिची परीक्षा साध्या रीतीने घ्यावी : वाचकाने दोन प्रकरणे वाचल्यावर पुस्तक बाजूला ठेवून त्याला वेगळ्या आवृत्तीच्या यंत्रावर बसवावे, मराठीत एक अर्ज लिहून, जतन करून, पुन्हा शोधून उघडण्यास सांगावे, आणि अडल्यास तो का अडला हे त्यालाच विचारावे. मराठी भाषा विद्यापीठ आता रिद्धपूर येथेच उभे राहिले आहे. केसोबासांची त्रिअंगी मांडणी आजच्या तंत्रविषयांना लावून, मराठीबरोबरच मेळघाटातील कोरकू भाषकांसाठीही नवशिक्यांची पुस्तके सिद्ध करणे, हे त्या विद्यापीठाला शोभणारे आणि वऱ्हाडाला आवश्यक असलेले कार्य आहे.