सिलिकॉन व्हॅलीतली ओळखपाळख

सुट्टीवर घरी आलो की एक प्रश्न हमखास येतो, "तिकडे तरी नोकरीला वशिला लागत नाही ना?" वशिला नाही, पण ओळख लागते, असं मी सांगतो आणि समोरचा गालात हसतो. त्याला वाटतं, शब्द बदलला, गोष्ट तीच! म्हणून या ओळखीचा इतिहास एकदा नीट सांगावा म्हणतो.

मी राहतो त्या सांता क्लारा खोऱ्यात पूर्वी जर्दाळूच्या बागा होत्या. १९५६ साली विल्यम शॉक्ली यांनी माउंटन व्ह्यू गावात आपली प्रयोगशाळा थाटली. ट्रान्झिस्टरसाठी त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. बुद्धी अफाट, पण स्वभाव संशयी. १९५७ मध्ये त्यांचे आठ इंजिनियर-शास्त्रज्ञ एकदम बाहेर पडले. त्यांच्यातल्या युजीन क्लायनरने वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कमधल्या दलाली पेढीला पत्र लिहिलं होतं. मागणी साधी होती : आम्हा सगळ्यांना एकत्र नोकरी देणारी कंपनी शोधून द्या. पेढीतला आर्थर रॉक म्हणाला, नोकरी कशाला, कंपनीच काढा. त्यातून फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली.

पुढे फेअरचाइल्डमधून माणसं फुटत गेली. १९६८ साली रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल काढली, तेव्हा पैसे उभे करून देणारा पुन्हा रॉकच. संध्याकाळी ही सगळी मंडळी माउंटन व्ह्यूच्या 'वॅगन व्हील' बारमध्ये बसत. कुठे माणसं हवी आहेत, कोणाची चिप अडली आहे, हे तिथे कळे. आपला वशिला विचारतो, "तू कोणाचा?" ही ओळख विचारते, "तुझ्याबरोबर काम कोणी केलंय?" फरक असलाच तर तो एवढाच, पण मला तो मोठा वाटतो.

आता प्रश्न असा, की हे इथेच का जमलं? बॉस्टनजवळच्या रूट १२८ पट्ट्यातही इंजिनियर होते, पैसा होता, एमआयटी होती. ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ च्या पुस्तकात दाखवलं, की तिथल्या कंपन्या आपापल्या भिंतीआड राहिल्या. रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये आणखी एक कारण मांडलं. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, असा करार मॅसॅच्युसेट्समध्ये चालायचा. कॅलिफोर्नियात मात्र १८७२ पासूनच्या कायद्याने तो सहसा रद्दबातल ठरतो. म्हणजे आज कंपनी सोडून उद्या समोरच्या इमारतीत जायला हरकत नाही.

हे ऐकायला छान वाटतं, पण त्या बारमधल्या टेबलांवर बहुतेक गोरे पुरुषच असत. आपल्या लोकांना भांडवलदारांपर्यंत पोचायला वेगळी वाट करावी लागली. १९९२ साली 'टाय' ही संस्था निघाली, तिचे पहिले अध्यक्ष सिरस लॉजिकचे संस्थापक सुहास पाटील. आधी वर पोचलेल्यांनी नव्यांना सल्ला द्यायचा, ओळखी करून द्यायच्या, गरज पडली तर पैसेही घालायचे, असा तो प्रकार.

तरी एक गाठ राहिलीच. एच-वन व्हिसावरच्या माणसाला २००० च्या कायद्यापासून नव्या कंपनीने अर्ज दाखल करताच तिकडे रुजू होता येतं. पण ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी वर्षानुवर्षांची. शेजारचा अमेरिकन सहकारी सहज राजीनामा देतो. आपला माणूस आधी बोटं मोजतो. मीही मोजली आहेत. दोनदा चांगली संधी चालून आली आणि फाइल अर्धवट म्हणून दोनदा नाही म्हटलं.

आणि कंपन्या? ज्या मोकळेपणावर त्या वाढल्या, तोच त्यांना पुढे महाग वाटू लागला. ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी यांनी एकमेकांची माणसं आपणहून फोन करून ओढायची नाहीत असं आपसात ठरवलं होतं. २०१० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने कारवाई करून ते थांबवलं. सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या वतीने चाललेल्या दाव्यात २०१५ साली ४१.५ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली.

इथे नव्याने येणाऱ्या मुलांना म्हणूनच मी सांगतो : ओळखी जरूर वाढवा, पण आपल्या कागदांवर काय लिहिलंय तेही वाचा. दार उघडं असलं, तरी ते कोणासाठी उघडं आहे हे तिथेच कळतं.