सात वेळा पहिला, मग कोरा रकाना

इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतींची अधिकृत नोंद त्या काळी ‘रेसिंग कॅलेंडर’ ठेवत असे. त्यात १९१३ साली ‘द टेट्रार्क’ या दोन वर्षांच्या घोड्याच्या सात शर्यती सापडतात, सातही जिंकलेल्या. १९१४ साली, म्हणजे तीन वर्षांचा असताना, ऐन डर्बी शर्यतीच्या वयात, एकही नाही. नोंदवहीला कारण सांगायचं नसतं. ते इतर कागदांतून जुळवावं लागतं.

जन्म १९११चा, आयर्लंडमधल्या किल्डेअरचा. बाप रोई हेरोद, आई वाहरेन. जन्मतः तांबूस अंगावर काळे डाग होते, पुढे राखाडी अंगावर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके उमटले. डॉनकास्टरच्या लिलावात ट्रेनर ॲटी पर्स यांनी वर्षाचं हे शिंगरू १,३०० गिनींना घेतलं आणि नंतर ते मेजर डर्मॉट मॅक्कॅलमाँट या नातलगाच्या मालकीचं झालं.

१९१३च्या शर्यतींची ठिकाणं क्रमाने वाचण्यासारखी आहेत: न्यूमार्केट, एप्सम, ॲस्कॉट, सँडाउन, गुडवुड, डर्बी, डॉनकास्टर. टू थाउजंड गिनीज न्यूमार्केटला होते, डर्बी एप्समला आणि सेंट लेजर डॉनकास्टरला. म्हणजे क्लासिक शर्यतींची तिन्ही मैदानं त्याने दोन वर्षांचा असतानाच मारली होती. एप्समची त्याची शर्यत तर डर्बीच्याच बैठकीतली, ज्या बैठकीत स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एमिली डेव्हिसन राजाच्या घोड्यापुढे गेल्या आणि पुढे दगावल्या. डर्बी नावाच्या गावीही तो जिंकला. डर्बी शर्यत तेवढी राहिली.

ॲस्कॉटला कोव्हेंट्री स्टेक्स त्याने दहा लांबींनी जिंकली. सँडाउनला मात्र निकालात फरक आहे फक्त एका मानेचा. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल, घोडा थकला असणार. जॉकी स्टीव्ह डोनोह्यू यांच्या सांगण्यावरून आणि त्या काळच्या वर्णनांवरून कळतं, की सुरुवातीलाच घोटाळा झाला, घोडा बराच मागे पडला आणि धुक्यामुळे प्रेक्षकांना ते धड दिसलंही नाही. जॉकी आपल्या लाडक्या घोड्याचीच बाजू घेणार, हे धरूनही मला हे पटतं. इतर सहा निकालांशी हीच हकीकत जुळते.

सप्टेंबरात डॉनकास्टरला शँपेन स्टेक्स जिंकली, ती त्याची अखेरची शर्यत. त्याची ढांग इतकी लांब होती की मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडत. ऑक्टोबरमध्ये सरावात मागचा पाय पुढच्या उजव्या पायावर आदळला आणि हंगाम तिथेच संपला. हिवाळाभर डर्बीसाठी पैसा त्याच्यावरच लागत होता. वसंतात सराव सुरू झाला, तोच पाय पुन्हा दुखावला आणि घोडा शर्यतीतून कायमचा उठला. ज्या ढांगेने त्याला जिंकवलं, तिनेच त्याला बसवलं, असं मला वाटतं. १९१४ची टू थाउजंड गिनीज केनीमोरने नेली, डर्बी दरबार दुसरा या घोड्याने.

पाय शाबूत असता तर तो डर्बी जिंकता का? त्याच्या सगळ्या शर्यती पाच-सहा फर्लांगांच्या, डर्बी बारा फर्लांगांची. बाजू घेणारे त्याच्या पैदाशीकडे बोट दाखवतात. पिलं थोडी, जेमतेम १३०; पण त्यांतून कॅलिग्युला, पोलमार्क आणि सॅमन-ट्राउट हे सेंट लेजरचे तीन विजेते निघाले, आणि ती शर्यत डर्बीहूनही लांब. पुरावा चांगला आहे, पण तो मुलांचा. त्यात त्यांच्या आयांचाही वाटा आहेच.

मुलीची गोष्ट याच्या उलट. मुमताज महल ही घोडी १९२२ साली ९,१०० गिनींना घेतली गेली ती आगाखान तिसरे यांच्यासाठी, पुण्याच्या आगाखान पॅलेसवाल्या. दोन वर्षांची असताना सहापैकी पाच शर्यती जिंकून तीही बापासारखी गाजली. तिला क्लासिकमध्ये उतरता आलं, पण १९२४च्या वन थाउजंड गिनीजमध्ये प्लॅकने तिला मागे टाकलं. पुढे ती लहान पल्ल्याच्या शर्यतींकडेच वळली.

घराण्यात डर्बी आली ती १९३६ साली, मुमताजच्या मुलीचा मुलगा महमूद याच्या रूपाने. मात्र महमूदचा बाप ब्लेनहाइम स्वतः १९३०ची डर्बी जिंकलेला होता. तेव्हा त्यातलं किती श्रेय पणजोबाला द्यायचं, हे वंशावळीच्या वहीवरून ठरत नाही.