हिरवळीवाचून गोल्फ

होळकर आणि मैदान हे दोन शब्द एकत्र आले की इंदूरच्या जुन्या मराठी घरांत विषय क्रिकेटकडे वळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्या संघाने 1945-46 ते 1952-53 या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या आठवणींपुढे दुसरा खेळ टिकणे कठीण. तरीही प्रस्तुत लेखात आम्ही एका वेगळ्याच खेळाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो खेळ म्हणजे गोल्फ. आपल्यापैकी फार थोड्या घरांचा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध आला असेल. छावणीच्या तारेपलीकडे चालणारा साहेबांचा खेळ एवढीच त्याची आपल्याकडील ओळख. परंतु कोरड्या भूमीवर हा खेळ कसा बसविला गेला आणि तेथे तो कसा खेळला जाई, याचा इतिहास पाहू लागले की तो आपल्या पाण्याच्या इतिहासाला येऊन भिडतो.

महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला आणि महूला इंग्रजांची छावणी पडली. इंग्रज जेथे स्थिरावला तेथे मागोमाग गोल्फ आला. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून कलकत्त्याचेच नाव घेतले जाते. महूला लष्कराचे गोल्फ मैदान आजही आहे. मात्र बंगालची ओलसर भूमी वेगळी आणि दख्खन-माळव्याचे पठार वेगळे. माळवा हे वाळवंट नव्हे; पावलोपावली पाणी असलेला प्रांत अशीच त्याची ख्याती. पण हे पाणी बहुतांशी चार महिन्यांत पडते. पावसाळ्यात येथली काळी माती चाकाला आणि पायाला सोडत नाही, तर चैत्र-वैशाखात तीच माती हातभर भेगा पाडते. पंप आणि नळ्या येण्यापूर्वी अशा जमिनीवर बारमाही हिरवळ राखणे ही कल्पनाच अशक्य कोटीतली होती. खेळाच्या दृष्टीने पाहिले तर वर्षातील कित्येक महिने हे वाळवंटच होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गोल्फ हा मुळात हिरव्या गालिच्यावरचा खेळ नव्हता. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचे जे नापीक पट्टे होते, त्यांवर तो वाढला. शेतीला निरुपयोगी अशा त्या जमिनीवर मेंढ्या चरत आणि गवत आपोआप खुरटलेले राही. मेंढ्यांनी आडोशासाठी कोरलेले वाळूचे खळगे म्हणजेच पुढचे बंकर, असे परंपरेने सांगितले जाते. सारांश, जमीन जशी असेल तशी स्वीकारणे हा या खेळाचा मूळ धर्म होता. हिंदुस्थानातल्या छावण्यांनी, कदाचित नाइलाजाने, तोच धर्म पाळला.

त्यांनी काढलेली युक्ती म्हणजे 'ब्राउन'. गोल्फमध्ये चेंडू ज्या खळगीत घालवायचा ती खळगी ज्या गुळगुळीत हिरवळीवर असते, तिला ग्रीन म्हणतात. येथे ग्रीन जगणार नाही हे उघड होते. म्हणून त्या जागी माती चोपून टणक गोल ओटा करावयाचा, त्यावर बारीक वाळूचा पातळ थर द्यावयाचा, आणि वाऱ्याने ती उडू नये म्हणून तीत वापरलेले खनिज तेल मिसळावयाचे, अशी रीत पडली. तेलाने वाळू तपकिरी-काळी दिसे, म्हणून नाव ब्राउन. पाणी नको, कापणी नको. एक माणूस आणि लांब दांड्याला आडवी फळी लावलेले एक साधन एवढ्यावर काम भागे. हा प्रकार केवळ हिंदुस्थानचा नव्हे. अमेरिकेतील पाइनहर्स्टचे सुप्रसिद्ध मैदान 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूच्याच ग्रीनवर चालत होते. ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी या रत्नखाणींच्या गावी अशा तेलकट वाळूवर आजही खेळतात; खेळाडू कृत्रिम गवताचा तुकडा बरोबर बाळगतो, चेंडू त्यावर ठेवून मारतो आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतो.

आता खेळण्याच्या डावपेचांकडे वळू. हिरव्या मैदानावर चेंडू उंच उडवून नेमका ग्रीनवर उतरवितात. ओले, मऊ गवत त्याला थांबविते. भाजलेल्या जमिनीवर असा उंचावरून आलेला चेंडू टणक ओट्यावर आपटतो आणि उसळून पलीकडे जातो. म्हणून येथे शहाणा खेळाडू चेंडू बुटका मारतो, ब्राउनच्या बराच अलीकडे टेकवितो आणि उरलेले अंतर त्याला घरंगळत जाऊ देतो. किती अलीकडे, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर हातातल्या काठीत नसते, पायाखालच्या जमिनीत असते. मुरमाड उंचवट्यावर चेंडू पुढे धावतो, भुसभुशीत काळ्या मातीत दबतो, आणि भेग आडवी आली तर नाहीसाच होतो. त्यामुळे पहिला टोला मारण्यापूर्वीच चेंडू कोणत्या मातीवर पडावा, याचा हिशेब करावा लागतो. उन्हाळ्यात टोला आपोआप लांब पडतो, याचा आनंद नवख्यालाच होतो. कारण जो चेंडू फार धावतो तो नाल्यातही तेवढ्याच वेगाने जातो.

ब्राउनवर पोहोचल्यावर खेळ पुन्हा पालटतो. वाळूचा थर पावसात वाहून जाऊ नये म्हणून ब्राउन जवळजवळ सपाट ठेवावा लागे. मग हिरव्या ग्रीनवर चेंडूला वाकविणारा जो उतार असतो, तो येथे नाहीच. खळगीपर्यंतची वाट फळीने एकदा सारखी करून घ्यावयाची आणि चेंडू सरळ, जरा धीटपणे ढकलावयाचा. वाळू गवतापेक्षा संथ, त्यामुळे भीतभीत मारलेला चेंडू अर्ध्यातच थांबतो. शेवटची परीक्षा अशी सोपी झाल्याने मैदान आखणाऱ्याला अडचण अगोदरच्या वाटेत पेरावी लागे. एखादा नाला वाटेला काटकोनात न ठेवता तिरपा आडवा घ्यावयाचा. मग भित्र्याने तो जवळच्या, अरुंद टोकाशी ओलांडावा आणि लांबची वाट धरावी. धाडसी खेळाडूने रुंद भागावरून चेंडू न्यावा आणि पुढचा टोला सोपा करून घ्यावा. बाभळीचे एक झाड, बांधाचा एक तुकडा, ओढ्याचे एक वळण एवढ्यावर संपूर्ण डाव उभा राहतो. वाळवंटातील मैदानाचे सारे सौंदर्य या निवडीत आहे, असे आम्हांस वाटते.

या शास्त्राचा मोठा आचार्य डॉ. अॅलिस्टर मॅकेन्झी याने ते रणभूमीवरून उचलले, हे वाचून मराठी वाचकाला कौतुक वाटेल. बोअर युद्धात तो शल्यवैद्य होता. मूठभर बोअर शेतकरी जमिनीच्या चढउतारांत असे लपत की इंग्रज सैन्याला गोळी कोठून आली ते कळत नसे. नैसर्गिक भासणारा अडथळाच खरा अडथळा, हे सूत्र त्याने तेथून घेतले आणि 1920 मध्ये गोल्फ मैदानांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. आपल्याला हे नवे कोठे आहे? यशवंतराव होळकरांनी 1804 च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत मागे रेटले, तेव्हा घोडदळाइतकेच काम पावसाने आणि चिखलाने केले. इंग्रजांच्या तोफा गाळात रुतल्या आणि खिळे मारून टाकून द्याव्या लागल्या. त्या ऋतूत त्या भूमीवर काय होते हे होळकरांना ठाऊक होते, मॉन्सनला नव्हते. खेळाची युद्धाशी तुलना ताणू नये हे खरे. पण भूमी वाचण्याची विद्या दोन्हीकडे एकच आहे.

पंप आले आणि ही विद्या मागे पडली. अॅरिझोनातील डेझर्ट फॉरेस्ट हे 1962 चे मैदान रेड लॉरेन्सने आखले, तेव्हा त्याने निदान वाळवंट तसेच राहू दिले. निवडुंग आणि रेताड जमीन हाच अडथळा, आणि मधे खेळण्यापुरते गवत. पुढे त्यातून बेटा-बेटांचा खेळ निघाला. एका हिरव्या तुकड्यावरून उडवायचे आणि दुसऱ्यावर उतरवायचे. घरंगळणारा चेंडू संपला. 1988 मध्ये दुबईस कार्ल लिटनने आखलेले एमिरेट्स क्लबचे मैदान संपूर्ण गवताचे झाले आणि आखातातील जुनी तेलकट वाळूची मैदाने लोकांना ओशाळवाणी वाटू लागली. अॅरिझोनाला मात्र भूजल उपसण्यावर 1980 मध्येच कायदा करावा लागला, आणि त्याच्या कक्षेत गोल्फ मैदानेही आली.

इंदूरकरांनी हे परके प्रकरण समजू नये. पॅट्रिक गेडिस याने 1918 मध्ये होळकर दरबाराला जो नगररचनेचा अहवाल सादर केला, त्यात नद्या आणि उद्याने यांना मोठे स्थान आहे. त्या काळचे इंदूर पिपल्यापाला, बिलावली, सिरपूर या तलावांच्या हिशेबाने जगत होते. 1939 मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर झाला. तोही अपुरा पडला, तेव्हा 1970 मध्ये शहराने नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस सुमारे 70 किलोमीटरांवरील जलूद येथून, विंध्याचा चढ चढवून, पाणी आले. त्या आंदोलनात ज्यांच्या घरची माणसे होती त्यांना एका हंड्याचे मोल सांगावयास नको. आज शहराभोवती जी जी हिरवळ वैशाखातही टवटवीत दिसते, तिच्यामागे कोठले तरी उपसलेले पाणी असते. मग ते नर्मदेचे असो, कूपनलिकेचे असो वा शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे. सांडपाण्यास आमचा आक्षेप नाही, उलट तोच मार्ग बरा. भूजलास आहे.

जमिनीचा प्रश्नही आहेच. संरक्षण खात्याच्या जमिनींविषयी महालेखापरीक्षकांचा 2010-11 चा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात लष्करी जमिनीवरील 97 गोल्फ मैदानांची आणि त्यांखालच्या आठ हजारांहून अधिक एकरांची नोंद आहे. छावणीचे मोकळे माळ वाचले म्हणून तेथे झाडे आणि पाखरे वाचली, हा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. परंतु ज्या मैदानांनी ब्राउन काढून ग्रीन केले, त्यांनी तो युक्तिवाद स्वतःच दुबळा केला. ब्राउनच्या दिवसांत त्या माळाला खेळासाठी वेगळे पाणी लागत नव्हते. वापरलेले तेल जमिनीत ओतणे आज कोणी मान्य करणार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण तेल वगळूनही चोपलेली वाळू राखता येते, आणि चेंडू घरंगळविण्याचा खेळ तर तेलावर अवलंबूनच नाही.

महाराष्ट्रात या कोरड्या गोल्फची एक खूण नाशिकला आहे. इंग्रजी अमदानीत तेथे रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब होता. त्या शहरातील एका विस्तीर्ण मैदानाला लोक आजही गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. त्याचे अधिकृत नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणारे तेच कान्हेरे. आता तेथे रणजीचे सामने होतात, आणि पहाटे फिरावयास येणारी मंडळी ज्या कोरड्या मातीवरून चालतात तिच्यावर गोल्फचा चेंडू कोणी मारीत नाही.