नाना सावधान!

‘जय जय महाराष्ट्र माझा’ वाजवता येत नसेल, तर मलकापुरात बँडवाल्याला सुपारी मिळणं कठीण. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. त्यात शाहीर आमच्याच जिल्ह्यातले, वाईजवळच्या पसरणीचे. गाण्यात कृष्णाही आहे, कोयनाही आहे. म्हणजे गाणं घरचंच! आणि घरच्याचे हाल विचारतो कोण? शाहिरांची ती खडी ललकारी शाळेच्या पेटीवर मवाळ झाली, बँडच्या क्लॅरिनेटवर लाडात आली. मिरवणुकीत डीजेने तर तिला पळायलाच लावलं.

२०२३ साली सरकारने तिला राज्यगीत केलं. तीनातली दोन कडवी ठेवली, वेळ १ मिनिट ४१ सेकंद. गीत चालू असताना सावधान उभं राहायचं.

परवा वरातीत बँडने हेच धरलं आणि आमचे ८१ वर्षांचे नाना भर रस्त्यात टाचा जुळवून ताठ. मागे वऱ्हाड तुंबलं, घोड्यावर नवरदेव ताटकळला.

“नाना, सरका की वो!”

“गाणं संपू दे.”

बँडवाल्यांना ते संपवायचं कुठे, हेच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या फेरीला नाना बारीक आवाजात गाऊ लागले. सरकारने गाळलेलं कडवं होतं ते. मी नुसतेच ओठ हलवले. मला ते येत नव्हतं.