जागतिक सामाजिक मंच, मुंबई अधिवेशन

जागतिकीकरणाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी लोकसंघटनांनी भरविलेले आंतरराष्ट्रीय संमेलन. दावोस (स्वित्झर्लंड) येथील जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक बैठकीस राष्ट्रप्रमुख व उद्योगपती जमतात. तिला पर्याय म्हणून ब्राझीलमधील पोर्तू आलेग्री येथे २००१ मध्ये हा मंच सुरू झाला. त्याचे चौथे अधिवेशन १६ ते २१ जानेवारी २००४ या काळात मुंबईत, गोरेगावच्या नेस्को मैदानावर झाले. ब्राझीलबाहेरचे हे पहिलेच जागतिक अधिवेशन होय. अरुंधती रॉय, शिरीन एबादी, जोसेफ स्टिग्लिट्झ प्रभृतींची भाषणे झाली. जातिव्यवस्था व धर्मांधता हे विषयही येथे प्रमुख चर्चाविषयांत होते. सनदेनुसार मंच ठराव करीत नाही. हे त्याचे बळ तसेच वैगुण्यही. मंचाची भूमिका सौम्य मानणाऱ्या गटांनी जवळच ‘मुंबई रेझिस्टन्स’ ही वेगळी परिषद भरविली.

शेतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. सप्टेंबर २००३ मध्ये कॅनकून (मेक्सिको) येथे जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्रिपरिषदेत आफ्रिकेतील चार कापूस-उत्पादक देशांनी श्रीमंत राष्ट्रांच्या अनुदानांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले आणि ती परिषद निर्णयाविना संपली. महाराष्ट्रात मात्र शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने पूर्वीच डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले होते. शेतकऱ्यास लुबाडतो तो खुला बाजार नव्हे, तर सरकारी भावनियंत्रण, असे तिचे म्हणणे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील कोरडवाहू कापूस-उत्पादकापुढे अशा रीतीने एकाच दुखण्याची दोन परस्परविरोधी निदाने होती.